कपाटाची किल्ली

प्रिय ताई,

तुझी तक्रार पोचली. मोठ्या बाईंनी मला बोलावून ती वाचून दाखवली आणि शुक्रवारपर्यंत माझ्या वर्गातलं मागचं कपाट रिकामं करायला सांगितलं. तिथे म्हणे कोरे कागद ठेवायचेत. मी हो म्हटलं नाही. किल्ली अजून माझ्याच पर्समध्ये आहे.

त्या कपाटात आहे तरी काय, हे तू कधी पाहिलंच नाहीस. मोडकी घड्याळं, पेचकस, लाकडी ठोकळे, एक तराजू, एक आरसा आणि पुठ्ठ्यांवर लिहिलेले प्रश्न. उत्तरं कुठेच नाहीत. ज्याचं काम आधी आटोपेल त्याने कपाट उघडायचं आणि जाताना स्वतःचा एक प्रश्न आत ठेवायचा, एवढाच नियम. शेजारच्या वर्गात हुशार मुलांना बक्षीस काय, तर आणखी गणितं. तुझी भिंगरी गेल्या वर्षी तिथेच होती. माझ्याकडे आली तेव्हा दर दोन गणितांनंतर एक चुकवायची. मला वाटलं, मावशीचा वर्ग म्हणून लाडावलीय. मग पाणी कुठे मुरतंय ते कळलं. बरोबर आलं की ढीग वाढतो, हे पोरीने ओळखलं होतं आणि ढ असल्याचं सोंग ती बेमालूम वठवत होती. आधी मला हसू आलं, मग भयंकर राग. हे सोंग मी पूर्वी पाहिलंय.

आपल्या दोघींचे वर्ग एकाच खोलीत भरायचे, आठवतं? तुझं सगळ्यांच्या आधी आटोपायचं. मग बाई तुला खडू आणायला धाडायच्या, फळा पुसायला लावायच्या. एकदा तू विचारलंस, आरशात डावं-उजवं उलटं होतं, तर डोकं खाली का जात नाही? सगळे खो खो हसले आणि बाईंनी तुला पाण्याचं पिंप भरायला पाठवलं. त्यानंतर तुझा हात कधी वर गेला नाही. घरचे म्हणाले, पोरगी किती शहाण्यासारखी वागायला लागली. मी खरोखरची ढ, म्हणून मला शिकवण्या लावल्या आणि घोकून घोकून मी बाई झाले. तू म्हणतेस, तुझं काही अडलं नाही. साफ खोटं बोलतेस.

मुलीला चारचौघींसारखी राहू द्या, असं तू लिहिलंयस. वेगळं पडण्याची तुला भीती वाटते, ते मला समजतं. पण चारचौघींसारखं राहून तुझं काय झालं, तेही मी पाहिलंय, आणि ते पुन्हा बघायची माझी तयारी नाही. मोठ्या बाईंना तोंडावर सांगितलंय, कपाट हलवायचं तर आधी मला हलवा. नोकरी गेली तर गेली, शिकवण्या घेईन.

राहता राहिला आरसा. भिंगरी घरी येऊन तुला त्याचं विचारत सुटली आणि दुसऱ्याच दिवशी तू तक्रार दिलीस. तिला कुठून सुचलं म्हणून दचकली असशील. ताई, कपाटातला पहिला पुठ्ठा तुझ्याच प्रश्नाचा आहे. तेवढ्यासाठी तर मी ते कपाट मांडलं. भिंगरी माझ्याकडे उत्तर मागायला आली, तेव्हा मी म्हटलं, हा तुझ्या आईचा प्रश्न आहे, तिलाच विचार. तर तू तिला भांडी विसळायला पाठवलंस. शुक्रवारी शाळा सुटल्यावर तिला घेऊन ये. किल्ली मोठ्या बाईंना मिळणार नाही, तुला देईन.

तुझीच,
ढ धाकटी