आई मॅच बघते तेव्हा

चेन्नई, रविवार

आई सांगलीहून आठ दिवसांसाठी आलीय. आज तिला क्रिकेटच्या मॅचला नेलं, पण खरं सांगायचं तर नाइलाजाने. सोबत येणारा मित्र ऐनवेळी शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात अडकला. वाटलं, ही कंटाळणार. तर ही शेजारच्या तमिळ मामींना खुणा करून सांगतेय, तिथे स्लिप हवी! पुढच्याच चेंडूला बॅटची कड लागली आणि चौकार तिथूनच गेला. मामींनी तिला टाळी दिली.

"आई, तुला हे कधीपासून कळतं?"

"तुम्ही टीव्हीवर बघायचात, मी स्वयंपाकघरातून ऐकायचे."

इतक्या वर्षांत 'बाहेर येऊन बस' असं एकदा तरी म्हणालो का मी? लाजच वाटली. ती मात्र मजेत होती.

म्हणाली, "इथं बरंय रे. मधेच कुणी चहा मागत नाही."