आधी कुणाचं ऐकलं

नगर, ८ जानेवारी

ती. मरियम आत्यास,
आराधनाचा सप्रेम सलाम, वि. वि.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि तू नुसती हां हां करतेस, म्हणून पत्र. एम.ए.च्या प्रबंधासाठी तुझी मदत हवी आहे. मानसशास्त्रात असं मानतात की बक्षीस कबूल केलं की मुलं त्याच्यासाठीच शिकतात आणि मूळची गोडी कमी होते. आपल्या मुलांच्या बाबतीत हे खरं आहे का, ते पाहायचं आहे.

तुझ्या संडे स्कूलची मुलं ईस्टरला स्तोत्र म्हणतात आणि तू त्यांना स्टीलची ताटली देतेस. यंदा वरच्या आळीला ताटली आधीच कबूल कर. खालच्या आळीशी त्याबद्दल बोलू नकोस; शेवटी सगळ्यांनाच द्यायची आहे. बुधवारी चर्चच्या ओट्यावर सरावाला यायची सक्ती नसते. तिथे आपणहून कोण येतं, तेवढं कळव. पालकांची आणि पाळकसाहेबांची परवानगी घेतली आहे.

मार्चअखेर प्रबंध दिला नाही तर वर्ष जाईल, आणि आप्पांनी हे एकच वर्ष कबूल केलंय. त्यानंतर स्थळं. तेव्हा लोभ आहेच, या वेळी जरा शिस्तही असू दे.

तुझी,
आराधना

शेवगाव, १० फेब्रुवारी

चि. आराधना हिस मरियम आत्याचे आशीर्वाद.

देवदयेने इकडे सगळे बरे. तुझ्या आप्पाचा, आमच्या गिदोनचा, गुडघा धरतो, पण तो कुणाला सांगत न्हाई, तूही विचारू नको.

तुझं काम चालू हाय. पहिल्या बुधवारी दोन्ही आळ्या भरून आल्या. आता वरच्या आळीची चारच येतात, तीबी रेंगाळत. खालची मात्र दिवेलागणीच्या आधी येऊन बसतात. त्यातलीच लंकाबाईची नात स्टेला, जिला शाळेत मठ्ठ म्हणतात, तिचं अर्धं स्तोत्र पाठ झालं.

पाळकसाहेब विचारत होते, आराधनाबाई पोरांच्या डोक्यात बघायचं यंत्र आणणार का. मी म्हटलं, आधी तुमच्यावर लावू, प्रवचन कुठं अडकतं ते कळंल. लई हसले.

जेवत जा. पुस्तकानं पोट भरत न्हाई. आशीर्वाद मागायची गरज न्हाई, ते हायेतच.

आत्या

नगर, २० फेब्रुवारी

ती. आत्यास सप्रेम सलाम.

तुझं पत्र घेऊन मी वसतिगृहभर नाचले. अगदी पुस्तकात म्हटलंय तसं घडतंय! ताटली कबूल केलेली आळी आटली, न केलेली वाढली. प्रेमला मॅडम माझ्या मार्गदर्शक आहेत. त्या म्हणाल्या की आकडे सुरेख आहेत, पण फार सुरेख आकड्यांची त्यांना भीती वाटते. म्हणून दोन्ही आळ्यांशी तू काय बोललीस, कशी वागलीस, ते घडलं तसं लिही. काही गाळू नकोस.

तुझी आनंदात असलेली,
आराधना

शेवगाव, १ मार्च

चि. आराधना हिस आशीर्वाद.

विचारलंस, तर खोटं लिहीत न्हाई. ताटल्या मी पहिल्याच रविवारी वाटून टाकल्या. दोन्ही आळ्यांना. वरच्यांना दाखवायला काढल्या तर खालची पोरं दारात उभी. कापणीच्या सणाच्या पंगतीत एकाला वाढून दुसऱ्याचं पान कोरडं ठेवतो का आपण? माझा हात धजला न्हाई. तुझं काम बिघडू नये म्हणून गप्प बसले. अजूनही बसंन, ताटल्या काही बोलत न्हाईत.

खालच्या पोरांना आपण पंगतीतून उठवणार हुतो, हे मनाला लागलं. म्हणून तेव्हापासून सरावाला त्यांचं स्तोत्र आधी ऐकते, जवळ बसवून. वरची थांबतात बिचारी. बाकी काही वेगळं केलं न्हाई.

रागावू नको. शेंगदाण्याची चटणी पाठवते.

आत्या

नगर, ९ मार्च

ती. आत्यास सप्रेम सलाम.

आधी रडू आलं. एक दिवस वाटलं, पत्र फाडून टाकावं. पण घरातली पहिली पदवी माझी, आणि तिच्या जोरावर केलेलं पहिलंच काम खोटं? दुसऱ्या दिवशी पत्र मॅडमपुढे ठेवलं. त्या खूप हसल्या. मग त्यांनी विचारलं, ताटली दोघांनाही मिळाली, तर एक आळी आटली का आणि दुसरी वाढली का?

खोलीवर येऊन पुन्हा वाचलं. बाकी काही वेगळं केलं नाही असं तू लिहिलंस ना, त्याच्या वरच्याच ओळींत आहे की गं सगळं! तू खालच्यांचं आधी ऐकतेस. मी ताटल्यांकडेच बघत बसले होते.

आता ईस्टरपर्यंत वरच्या आळीचं आधी ऐक. काय होतं ते मला खरंच जाणून घ्यायचंय. मॅडम जूनपर्यंत मुदत मिळवून देणार आहेत, मात्र ताटल्यांची हकिगत प्रबंधात जशीच्या तशी लिहायची. राहिले आप्पा. त्यांना तूच सांग. थोरल्या बहिणीपुढे त्यांचं चालत नाही.

चटणी संपली. राग कधीच संपला.

तुझी,
आराधना

शेवगाव, २२ एप्रिल

चि. आराधना हिस आशीर्वाद.

सण पार पडला. वरची आळी तिसऱ्या बुधवारी पुन्हा भरली. खालची थोडी गळाली. बघवत नव्हतं, पण या वेळी हात आवरला. स्टेला तेवढी हलली न्हाई. आता तिचं शेवटी ऐकते, तरी पायरीवर बसून राहते. ईस्टरला न अडखळता स्तोत्र म्हणाली. लंकाबाईनं डोळ्याला पदर लावला. हे तुझ्या कुठल्या रकान्यात बसतं?

गिदोनला सांगितलं. म्हणाला, ताटलीपायी पोरीचं वर्ष घालवलंस. मी म्हटलं, ताटली माझी, पण वर्ष तुझ्या हातात हाय. बराच वेळ गुडघा चोळत बसला. मग म्हणाला, पोरं कशानं शिकतात ते तिला नक्की कळल्याबिगर स्थळाचं नाव काढणार न्हाई. तेव्हा घाईनं कळून घेऊ नको.

एक आठवलं. तू लहान असताना तुझंही मी कायम शेवटीच ऐकायचे. घरची पोर आधी घेतली तर लोक बोलले असते. तरी तू एक बुधवार चुकवला न्हाईस. का गं यायचीस?

आत्या

नगर, ३० एप्रिल

ती. आत्यास सप्रेम सलाम.

आप्पांना माझा सलाम सांग. गुडघ्याचं मला माहीत आहे, हे सांगू नकोस.

तुझा प्रश्न माझ्या कुठल्याच प्रश्नावलीत नाही. दोन दिवस तोच डोक्यात आहे. मला वाटतं, शेवटी ऐकायचीस म्हणूनच यायचे. तोवर बाकीची मुलं गेलेली असायची. तू कुलूप लावायचीस आणि आपण दोघी निघायचो. चर्चपासून घरापर्यंत तू माझी एकटीची. शाळेत काय झालं ते विचारायचीस, आणि मी सांगेपर्यंत गप्प चालायचीस.

हे प्रबंधात कसं मांडायचं, अजून कळत नाही. जूनपर्यंत विचार करीन. एवढं मात्र उलटटपाली कळव: बुधवारी कुलूप लावून निघतेस, तेव्हा स्टेलाचं घर तुझ्या वाटेवर येतं का?

तुझी, शेवटच्या नंबरची,
आराधना