ताईस, वजन उचलण्याबाबत

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (हा कागदावरच गोड मानून घे. साष्टांग घालायला खाली जाता येईल, पण परत वर येण्याची हमी आज देता येत नाही. काल पायांचा व्यायाम होता.) तुझं ब्लडप्रेशर, भावजींचा खोकला आणि तुमच्या वरच्या मजल्यावरचं ते ड्रिलमशीन, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करते. इकडे सगळं ठीक. म्हणजे हे ठीक, आणि जिना उतरण्याची वेळ सोडली तर मीही ठीक.

बातमी अशी की मी जिमला जाते. पत्र खाली ठेव, पोटभर हसून घे, मग पुढे वाच.

झालं असं की यांचा बाथरूममध्ये पाय घसरला. काही मोडलं नाही, साधं खरचटलंसुद्धा नाही, पण बसले ते बसलेच. यांचा देह तुला माहीत आहे (बस चालवायचे तेव्हा यांच्यानंतर ज्या ड्रायव्हरला ती सीट मिळायची, तो उशी घेऊन यायचा). मी काखेत हात घालून ओढलं, मागून ढकललं, देवाचं नाव घेतलं, मग यांचं नाव घेतलं. हे ओल्या साबणासारखे जागच्या जागी फिरले, वर काही आले नाहीत. शेवटी जिन्याला रंग देणाऱ्या दोघा रंगाऱ्यांना हाक मारली. त्यांनी यांना उभं केलं खरं, पण पाठीवर त्यांचे पांढरे पंजे उमटले. ते मलाच टर्पेंटाइनने पुसून काढावे लागले. मला ते फार लागलं गं. इतकी वर्षं औषधाच्या दुकानात बसून लोकांना कमरेचे पट्टे नि गुडघ्याची मलमं विकली, आणि स्वतःचा नवरा जमिनीवरून उठवता येईना.

त्याच सुमारास माझ्या हाडांची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, हाडं विरळ व्हायला लागलीत, वजन उचला. मी आपली सवयीने "हो, रात्रीचं जेवण कमी करते" म्हणून मोकळी झाले. (डॉक्टरांच्या तोंडून 'वजन' शब्द निघाला की पुढे 'कमी करा' हेच जन्मभर ऐकलंय.) ते म्हणाले, "अहो, कमी नाही करायचं. उचलायचं!"

जिम एका गाद्यांच्या दुकानाच्या वर आहे. चारी भिंतींना आरसे. दार ढकलून आत शिरले तर नवऱ्याची ट्रॅकपँट घातलेली एक बावचळलेली बाई समोरून येताना दिसली. मी बाजूला सरकून तिला वाट दिली. तीही सरकली. हे ज्यांनी पाहिलं त्यात तिथली कोच होती. माझ्या अर्ध्या वयाची, काडीसारखी, आणि हसू दाबायची चांगली सवय असलेली. मला वाटलं, आता ही माझ्या हातात मोठमोठ्या लोखंडी चकत्या देणार. तिने दिलं एक स्टूल. म्हणाली, यावर बसा आणि हात न टेकता उठा. मी म्हटलं, बाई, बसण्याउठण्याचे पैसे द्यायला मी इथपर्यंत चढून आले का? "उठून तर दाखवा," ती म्हणाली. ताई, मला उठता येईना. पहिला प्रयत्न फुकट, दुसऱ्यात पुढच्या माणसाचा टॉवेल धरून उठले.

तो टॉवेलवाला म्हणजे डोंगर. सगळे त्याला तसंच म्हणतात, आणि पाहिल्यावर दुसरं काही म्हणावंसं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी हा डोंगर बाकावर उताणा पडून छातीवर चकत्या लावलेला दांडा घेऊन असा काही कण्हायला लागला, चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा टरारलेल्या, की माझ्यातली औषधवाली जागी झाली. "हार्ट अटॅक! कुणीतरी गाडी बोलवा!" असं ओरडत मी धावले आणि त्याची नाडी धरली. (दांडा अजून हवेत होता. हे मला नंतर सांगण्यात आलं.) कोचने दांडा पकडला म्हणून निभावलं. डोंगर उठून बसला आणि घाम पुसत म्हणाला, "काकू, मी रोज असाच ओरडतो." पुढे कळलं की तो बालवाडीत शिकवतो. आता मी स्टुलावरून उठले की तो पलीकडून टाळ्या वाजवतो, "अरे वा! किती छान उठलो आपण!" मला राग यायला हवा. येत नाही.

हळूहळू स्टूल गेलं, हातात दांडा आला, दांड्याला चकत्या आल्या. आणि मला चढली. एक दिवस कोच फोनवर बोलत असताना मी व्यायाम संपवून चकत्या काढायला घेतल्या. एका बाजूच्या सगळ्या आधी काढल्या. (भाजीची पिशवी रिकामी करावी तशी. दोन्हीकडून आळीपाळीने काढायच्या असतात, हे आता मला झोपेतसुद्धा सांगता येईल.) दांडा स्टँडवरून उलटा उसळला, उरलेल्या चकत्या धाडकन जमिनीवर. कुणाला लागलं नाही. पण जरा वेळाने गादीवाले वर आले, केसांत छताचा चुना. त्यांच्या नव्या डबलबेडवर पोपडा पडला होता. ते कोचला बोलायला लागले, तेव्हा मी पुढे होऊन म्हटलं, तिचा दोष नाही, माझा आहे. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "एवढं वजन तुम्ही उचललंत?" ताई, बोलणी खातानाही माणसाची छाती फुगते, हे मला त्या दिवशी कळलं.

मग एकदा मी कोचला विचारलं, की आता हे पडले तर मला उचलता येतील का. मी इथे कशासाठी येते हे तिला तोवर सांगितलंच नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं, रंगाऱ्यांसकट. म्हणाली, "एवढा माणूस तुम्ही एकट्याने उचलू नका. पाठ जाईल. त्यांनाच घेऊन या, आपलं आपण उठायला शिकवते." हे आधी तयार होईनात. 'जन्मभर स्टिअरिंग ओढलंय, मला काय शिकवता' वगैरे. आले मात्र. आता हे जमिनीवर बसतात, कुशीवर वळतात, एक गुडघा रोवतात आणि खुर्चीला धरून उठतात. पहिल्यांदा जमलं तेव्हा डोंगराने टाळ्या वाजवल्या, यांनी चेहरा गंभीर ठेवून मान लववली, आणि घरी येऊन मला दोनदा करून दाखवलं. हल्ली जिममध्ये लोक माझ्याआधी यांची चौकशी करतात. ते मला विशेष आवडत नाही.

भावजींना नमस्कार. तब्येतीला जप.

तुझी,
धाकटी

ता. क. : दुकानातल्या वरच्या फळीवरची मलमाची बाटली काढायला व्यायामाने आखडलेला दंड वर जात नव्हता, तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला 'माल संपला' म्हणून परत पाठवलं. ते गिऱ्हाईक तुझी नणंद निघाली. काही बोलली तर सांभाळून घे.

ता. क. २ : पत्र खरं यासाठी. आईला आता माझ्याकडे पाठव. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, दिवसातून किती वेळा तू तिला उचलतेस ते तू कधी बोलली नाहीस. पण रात्री कमरेला पट्टा बांधून झोपतेस हे भावजींनी फोनवर सांगितलं. (त्यांना ओरडू नकोस. मी खोदून विचारलं.) आई म्हणजे पिसासारखी, आणि उचलायचं कसं ते मी रीतसर शिकले आहे. गुडघ्यात वाकायचं, माणूस छातीशी घ्यायचा, पाठ सरळ. सरावाला डोंगर आई झाला होता (मागून कोचचा हात होता). अंग इतकं सैल सोडलं आणि इतका कुरकुरला, की मला तिचीच आठवण झाली. कोच म्हणाली, जमतंय. निदान उन्हाळाभर पाठव. तू तेवढी झोप.

ता. क. ३ : आई नको म्हणेल. तिला सांग, धाकटी म्हणाली, मुकाट्याने ये, नाहीतर उचलून नेईन.