ताईच्या घशातला जंतू

मंगळवार, १४ मार्च

प्रिय ताई,

आम्ही सगळे ठीक. तुझी भाची परीक्षेतून सुटली, ह्यांचा खोकलाही गेला. तुझे गुडघे कसे आहेत? वसतिगृहाचे जिने उगाच चढू-उतरू नकोस.

आता मुद्द्याचं. आमच्या प्रयोगशाळेतून निकाल आला. तुझ्या वसतिगृहातल्या दोन मुलींना मेनिंजायटिस झाला, तो तुझ्यामुळे नाही.

तुझ्या घशात तो जंतू सापडला हे खरं. दहातल्या एखाद्याच्या घशात तो मुकाट बसून असतो. पण आडनाव एक म्हणून घर एक होत नाही, तसंच त्याचं. म्हणून आम्ही त्याची सात ठरावीक जनुकं ताडून पाहतो. दोन्ही मुलींच्या जंतूंची सातही जुळली. तुझ्यातली चार वेगळी निघाली. मग त्यांच्या पोहण्याच्या प्रशिक्षकाचा नमुना आला, तो मुलींशी तंतोतंत जुळला. सरावाला सगळ्यांत एकच पाण्याची बाटली फिरायची म्हणे. कुणाकडून कुणाला गेला ते कळत नाही, आणि त्या बिचाऱ्याला तर पत्ताच नव्हता. सगळ्या संघाला औषध दिलंय.

तुझा नमुना मी हाताळला नाही. बहीण आहे म्हणून बाजूला झाले. निकाल वाचून आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "आधी बस. पाणी पी. रेक्टरबाई सुटल्या." मी बसले आणि रडले. त्यांना वाटलं, आनंदानं.

तेवढंच नव्हतं गं. पालक जाब विचारायला तुझ्या दारात जमले, तेव्हा तू फोन केलास, "येतेस का जरा?" मी म्हटलं, कामातून डोकं वर काढायला वेळ नाही. खोटं. रजा मिळत होती. तुझ्यामुळेच झालं, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. नव्या लोकांना मी रोज बजावते, जुळवल्याशिवाय तोंड उघडू नका. आणि घरी लेकीला सांगितलं, या सुट्टीत मावशीकडे नाही जायचं.

"मग मावशीला काय सांगू?"

"सांग, अभ्यास आहे."

तू तिला वह्या पाठवल्यास.

त्या दोन आजारी मुलींतली थोरली बरी होऊन घरी गेली. धाकटी काल स्वतःच्या हातानं जेवली. तुमच्या वसतिगृहाच्या संस्थेला पत्रही आज गेलं, तुझ्यावरचा ठपका पुसून.

शनिवारी मी आणि लेक, दोघी येतोय. रागवायचं तर दारातच रागव, पण आत घे.

सगळ्यांत आधी तुझ्यावर संशय घेतलेली,
तुझी धाकटी