डोंगरावरचा उपास

चोराम, ९ नोव्हेंबर १९७८

चि. जम-सून हिस,
थोरल्या बहिणीचे प्रभूत आशीर्वाद.

तू डोंगरावर उपासाला बसली आहेस त्या प्रार्थनागृहाचा रखवालदार मीठ न्यायला खाली आला आहे, त्याच्याबरोबर हे पत्र पाठवते. इकडचं बरं आहे असं लिहवत नाही. खाणीतली सगळी धूळ तुझ्या नवऱ्याच्या छातीत बसली आहे. कूस बदलली तरी धाप लागते. फार दिवस नाहीत, असं डॉक्टर स्पष्टच म्हणाले.

शेजारणींनी तुझ्या वाट्याची हिवाळ्याची कोबीची किमची घालून दिली. आजारी माणसासाठी तिखट जरा कमी घाला म्हटलं, तर स्वारी पडल्या पडल्या खेकसली, की मरायला टेकलोय, चव गेलेली नाही. एवढा तोरा आहे. पण सकाळी डोळा उघडला की पहिला प्रश्न एकच, ती आली का? मी रोज उद्या म्हणून सांगते. किती खोटं बोलायला लावशील?

ये. वाट बघणारी,
तुझी ताई बोक-रे

डोंगरावरून, १२ नोव्हेंबर

ती. ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

अक्षर वाकडं आलंय, रागावू नकोस. पोटात नुसतं पाणी आहे. पण आता उतरता येणार नाही. चर्चच्या पार्क बाई म्हणाल्या, की उपास पुरा केलास तर देवाला द्यावंच लागेल आणि अर्धवट सोडलास तर नवऱ्याच्या जिवाला तूच कारण. माझी तळमळच कमी पडते, असंही म्हणाल्या.

इथे पहाटे पाइनच्या रोपाला धरून ओरडून प्रार्थना करतात. हातात रोप मुळासकट आलं, की प्रार्थना पोचली असं मानतात. माझ्या तळहाताची सालटी निघाली, पण एकही रोप उपटलं नाही. ह्यांना म्हणावं, थोडा दम धरा. मी त्यांना बरं करूनच घरी येईन.

तुझी माया आटू देऊ नकोस.
जम-सून

चोराम, १४ नोव्हेंबर

चि. जम-सून हिस, आशीर्वाद.

त्यांना बरं करणारी तू कोण गं? आपली आई मुलगा व्हावा म्हणून रोज पहाटे लोणच्याच्या रांजणांपुढे ताज्या पाण्याचा वाडगा देवाला म्हणून ठेवायची, आठवतं? तू रिकामं पोट ठेवतेस. फरक काय? फक्त देवाचं नाव बदललं. पवित्र आत्मा कुणाच्या उपाशी पोटाचा मिंधा नाही. तो आपल्याला दिलेला आहे, आपण तो कमवायचा नाही. आपल्याला जिथे काहीच जमत नाही, तिथे तो आपल्यासाठी कण्हतो, एवढंच मला ठाऊक आहे.

पार्क बाईंचा नवरा धडधाकट आहे. तुझा नवरा भाता ओढावा तसा श्वास ओढतोय. रागाने लिहिलं, पण रडतरडत लिहिलं.
ताई

चोराम, ८ डिसेंबर

ती. ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

ह्यांचं दफन झाल्यावर तू गावी परतलीस आणि घर खायला उठलं. तू डॉक्टरांना आणायला धावलीस तेव्हा खोलीत काय झालं, असं तू विचारलंस. ते आज लिहिते.

तुझ्या पत्रामुळे मी आले, असं तुला वाटतंय. तसं नाही, ताई. पत्र वाचूनही मी त्या रोपाशी झटत बसले होते. तिथेच घेरी येऊन पडले, तेव्हा रखवालदाराने लाकडं पाठीवर वाहायच्या चौकटीला मला बांधून खाली आणलं. मी उतरले नाही, मला उतरवलं.

ह्यांच्याजवळ बसले. डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना करायची होती. घशातून प्रभू एवढंही निघेना. हे माझ्याकडे बघत राहिले आणि हळूच विचारलं, जेवलीस का. मी मान हलवली, नाही. तू त्यांच्यासाठी ठेवलेल्या पेजेचा वाडगा त्यांनी बोटांनी माझ्याकडे सरकवला. मी ती त्यांच्याच चमच्याने खाल्ली. शेवटचा घास जाईपर्यंत ते बघत होते. मग त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले.

पार्क बाई येऊन गेल्या. उपास मोडलास म्हणून ते गेले, असं म्हणाल्या. बाईंचं खरं असेल तर मला कधीच क्षमा नाही, आणि तुझं खरं असेल तर मी तो डोंगर उगाच चढले. दोन्हीकडून मीच बुडाले.

रोज पहाटे चर्चला जाते. आजूबाजूला सगळे ओरडत असतात. मला एक शब्द सुचत नाही, नुसतं कण्हणं येतं. ते माझं नाही, आत्म्याचं आहे, असं तू म्हणशील. असेल तर प्रार्थना त्यालाच करू दे, ताई. माझ्याने आता होत नाही.

तुझी,
जम-सून