जांभळाची सावली आणि सहा पॅनल

मी, ज्ञानेश कोंडीराम कड, वय पंचवीस, शिक्षण आठवी (दोन वेळा), राहणार कुरुळी, तालुका खेड, जिल्हा पुणे, सध्या जैसलमेरकडच्या एका सोलर प्लांटवर फिटर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. दारू घेतलेली नाही, खोलीतल्या सिद्धेशला विचारा. कोणी धमकावलेलं नाही. यंदाच्या उन्हाळ्यात शेजारच्या खोलीतला एक जण उन्हाने गेला आणि त्याचे दोन भाऊ त्याच्या मोबाइलवरून गेटवर भांडले, म्हणून आत्ताच लिहून ठेवतो.

१. कुरुळीच्या घरातला माझा अर्धा हिस्सा धाकटा भाऊ ऋतिक याला द्यावा. आई गवराबाई हयात आहे तोवर घर तिचं. बँकेत जे निघेल तेही तिचं. तिने ते ऋतिकच्या लग्नात उडवू नये, पण ती उडवणार.

२. मोटरसायकल ऋतिकला. मी असताना त्याला हात लावू दिला नाही, याबद्दल दिलगीर नाही. त्याला गिअर कळत नाहीत.

३. चाकणच्या सात कंपन्यांची सात ओळखपत्रं पत्र्याच्या पेटीत आहेत. एकाही ठिकाणी वर्ष काढलं नाही. एका सुपरवायझरने सगळ्या लाइनसमोर, "तू टिकणाऱ्यातला नाहीस," असं सांगितलं होतं. तो बरोबर होता, हे त्याला कळवू नये. कार्डं जाळावीत.

४. स्लॅबवरचे सहा पॅनल. याला जागा जास्त लागेल.

पॅनल बसवणाऱ्या एका ठेकेदाराकडे मी पाच महिने होतो. तेवढ्यावर घरचे पॅनल स्वतः बसवले. आमच्या घराच्या दक्षिणेला चुलती शालनबाई हिचं जांभळाचं झाड आहे आणि झाडाच्या पलीकडे तिचं घर. मे महिन्यात बारा वाजता मी स्लॅबवर सळई उभी करून सावली बघितली. सूर्य डोक्यावर, सावली सळईच्या बुडाशी. झाडाची सावलीही त्याच्याच बुडाशी. आईला सांगितलं, "काही अडचण नाही." मेमध्ये रोज चौदा युनिट येत होते. गल्लीत मी पाहुण्यांना मीटर दाखवायचो.

डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलला आणि जांभळाची सावली दहा वाजता आमच्या स्लॅबवर चढली, ती तीनला उतरली. सगळे पॅनल एकाच ओळीत जोडलेले, त्यामुळे दोन-तीन झाकले की बाकीचेही मान टाकतात. पाच युनिट. थंडीत सावली लांब होते हे आठवीत शिकवतात. दोन्ही वेळा मी त्या दिवशी गेलो नसणार.

मी काकीकडे गेलो. म्हटलं, "काकी, झाड काढ."

"का रं? सूर्य मी हालवला व्हय?"

"निदान आमच्या बाजूच्या फांद्या तरी."

"जूनमधी आळंदीला पाट्या भरून जांभळं इकते, ती कुठली रं? तुझ्या पॅनलची?" मग शांतपणे म्हणाली, "झाडाला पाय न्हाईत. तुझ्या पॅनलला नटबोल्ट हायेत. तूच हालव."

मी हसलो. हे ती विसरलेली नाही.

आता कबुली. जैसलमेरला निघायच्या आठवड्यात, काकी आळंदीला गेली असताना, मी झाडाच्या बुंध्याला ड्रिलने आमच्या बाजूने भोक पाडलं आणि त्यात मोरचूद भरून मातीने लिंपलं. झाड मेलं नाही. एकच मोठी फांदी वाळली, तीही काकीच्या अंगणावरची. आमच्याकडची हिरवीगार आहे.

काकीला भोक सापडलं. मी इकडे, ड्रिल आमच्या घरात, घरात ऋतिक. "ऋतिक, माझ्या ओट्यावर पाय ठिवू नगं," असं तिने त्याला सांगितलं. दर जूनला झाडावर चढून तिच्या पाट्या भरणारा ऋतिकच. त्याने मला फोन केला, "भावा, तूच केलंस ना?" मी म्हटलं, "रेंज नाही," आणि ठेवला. तो आजपर्यंत कोणाला काही बोललेला नाही. दोन जून गेले. जांभळं खाली पडून सडतात, असं आई सांगते. आई आणि काकी एका नळावर उभ्या राहतात आणि बोलत नाहीत.

भोक मी पाडलं. ऋतिकने नाही.

इथे नजर जाईल तिथवर पॅनल आहेत आणि एक झाड नाही. प्रत्येक पॅनल भरपूर वीज देतो. दुपारी जेवायला आम्ही त्यांच्याच खाली सरपटत जातो, कारण दुसरी सावली नाही.

म्हणून: सहाही पॅनल काढून काकीच्या स्लॅबवर बसवावेत. तिचं घर झाडाच्या दक्षिणेला आहे, तिथे थंडीतही सावली येत नाही. वायर झाडाखालून आमच्या घरात आणावी. बुंध्याला खिळा ठोकू नये. यासाठी काकीची परवानगी लागेल आणि परवानगीसाठी तिच्याशी बोलावं लागेल.

५. ड्रिल मशीन कोणालाही देऊ नये.

६. सिद्धेशचे वडील कोर्टाबाहेर टायपिंग करतात. त्यांचं म्हणणं, ज्याला काही ठेवलं त्याला साक्षीदार करू नये. म्हणून काकीला मी काहीही ठेवत नाही. साक्षीदारांसमोर सही करावी लागते, असंही ते म्हणतात. म्हणून इथे सही करत नाही.

७. बाकी सगळं मी मेल्यावर. कलम चारमधली कबुली मात्र मी जिवंत असतानाच, काकीला तिच्या ओट्याखाली उभं राहून, मोठ्याने वाचून दाखवली जाईल. वाचणार मी.

मजकुराचं ठिकाण: प्लांट, खोली नंबर अकरा. तारीख २ नोव्हेंबर २०२५.
सहीचं ठिकाण: कुरुळी, शालनबाईचा ओटा.
सहीची तारीख: डिसेंबरात, ती वर ये म्हणेल त्या दिवशी.

साक्षीदार १: सिद्धेश काशीद, पिंपळे गुरव. माझ्याबरोबर सुट्टीवर येतोय. हाकलल्यास दोघे मिळून हाकलले जाऊ.

साक्षीदार २: शालनबाई कड. (अंगठा नको. तिला सही येते.)