माझ्या मापाची सायकल

आई,

मी सायकल घेतली. तुला विचारून घेतली नाही आणि आता सांगतेय तेही परवानगीसाठी नाही. पन्नाशी उलटलेली बाई सायकल घेते, तीही शर्यतीत असते तसली, वाकड्या हँडलची, बोटभर टायरची, हे ऐकून तू कपाळावर हात मारला असतास. मार. तिला कॅरियर नाही, मडगार्ड नाही, स्टँडसुद्धा नाही. भिंतीला टेकवून ठेवावी लागते. घरात सगळ्यांचं समजावून झालं. तुझे जावई म्हणाले, "कॅरियर नाही तर भाजीची पिशवी कुठे ठेवणार?" तुझा नातू म्हणाला, "आई, एक साईज मोठी घे ना, मग मलापण चालवता येईल." उंचीने तो केव्हाच माझ्या वर गेलाय. दोघांचंही बोलणं रास्त होतं आणि नेमका म्हणूनच मला संताप आला. हे रास्त बोलणं मी आयुष्यभर ऐकत आलेय, आणि पहिल्यांदा ऐकलं ते तुझ्याच तोंडून.

संपाचे दिवस. बाबांची गिरणी बंद, काळाचौकीच्या आपल्या चाळीत भरदिवसा सगळ्यांचे बाप गॅलरीत बसलेले, आणि तू स्टोव्हच्या बाजूला मशीन ओढून लोकांचे ब्लाऊज शिवतेयस. आमटीला उकळी येईपर्यंत तुझी एक बाही लावून होते. परक्या बायकांचं माप तू इतकं नेमकं धरायचीस की परळहून, लालबागहून बायका तुझ्याकडे यायच्या. आणि मला काय? दादाच्या जुन्या चपला आणि वाढत्या अंगाचा फ्रॉक, खाली चार बोटं दुमडलेला, खांद्यावरून घसरणारा. एकदा मी हट्ट धरला की मलाही माझ्या मापाचा शिव. तू मशीन थांबवलंही नाहीस. "तुझ्या मापाचा शिवला तर पुढल्या वर्साक काय घालशीत? नि मागसून धाकट्या बहिणीक नको? ह्या घरात कोणा एकट्याचा असा काय नसता."

त्याच दिवसांत मी खालच्या चौकात भाड्याची सायकल शिकत होते. तीही मोठ्या माणसांची. सीटवर बसलं तर पाय पोचायचे नाहीत, म्हणून दांड्याखालून एक पाय पलीकडे घालून, कमरेत वाकडी होऊन मारायची. मला ती जमायला लागली होती, आई. एका फेरीत फ्रॉकचा घेर चेनमध्ये गेला, मी आपटले आणि फ्रॉक टर्रकन फाटला. तू धावत खाली आलीस, आधी माझा गुडघा बघितलास, मग फ्रॉक, आणि सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "आजपासून सायकल बंद. चेडवांचा काम न्हय ता." मी गप्प बसले. आज बसणार नाही. दोष सायकलचा नव्हता आणि मी मुलगी असण्याचा तर मुळीच नव्हता. फ्रॉक मोठा होता. माझ्या मापाचा असता तर चेनपर्यंत पोचलाच नसता. इतकी साधी गोष्ट, इतकी वर्षं माझ्या पोटात राहिली.

परवा लोअर परळला गेले. जिथे गिरणीचं आवार होतं तिथे आता काचेची दुकानं आहेत, त्यातल्याच एका सायकलींच्या दुकानात. दुकानातली मुलगी पंचविशीची असेल. घरून इतकं भांडून निघाले होते, तरी माझा हात आपसूक मोठ्या सायकलकडे गेला. ती म्हणाली, "ताई, दांडा पायांच्या मधे घेऊन दोन्ही पाय टेकवून उभ्या राहा बरं." मी चवड्यांवर उभी. "मोठी होतेय तुम्हाला. हँडलपर्यंत वाकताना पाठ धरेल."

"चालेल, होईल सवय," मी म्हटलं.

"सवय कशाला? तुमची हाईट वाढणारे का अजून?" ती हसायला लागली, मग मीही हसले. तिने सगळ्यात लहान सायकल काढली. दोन्ही टाचा जमिनीवर टेकल्या. वर बसून हँडल धरलं तर कोपर सैल, मान मोकळी, कुठे ताण नाही, कुठे काही लोंबत नाही. अंगाला बरोबर बसलेली वस्तू काय असते ते मला या वयात कळलं, आणि दुकानात उभ्या उभ्या डोळे भरून आले, त्याचाही मला राग आला. "घरात अजून कोण चालवणार आहे?" तिने विचारलं. "कोणी नाही," मी जरा मोठ्यानेच म्हणाले. "ही माझी एकटीची."

तुझी बाजू मला कळत नाही असं नाही. तुझ्या मशीनवर घर चाललं, आणि तुझ्या अंगावर तरी कधी तुझ्यासाठी म्हणून बेतलेलं काय होतं? पण कळलं म्हणून पटलंच पाहिजे असं कुठे आहे? नाही पटत. तू आज समोर असतीस तर याच आवाजात बोलले असते.

हे पत्र जाणार कुठेच नाही, म्हणून एवढं सांगून टाकते. बिल करताना त्या मुलीने विचारलं, "पक्कं ना, ताई?" आणि हो म्हणायच्या आधी मी मागे वळून पाहिलं. नको म्हणायला कोणी आलेलं नव्हतं. भांडायची सगळी तयारी करून गेले होते गं, आणि तू नव्हतीस.